नायकाला बुडवण्यापूर्वी

तीर्थरूप मावशीस,

दुकानाच्या काउंटरवर कोपरं टेकवून, पाठ जितकी वाकते तितका वाकून तुला नमस्कार. (जमिनीवर पालथा पडूनच केला असता, पण सकाळी एका चष्म्याचा बारीक स्क्रू खाली पडलाय आणि तो मला पोटानं शोधायचा नाही.) तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढताना अजून मधल्या मजल्यावर थांबून शेजारणीचं भांडण पूर्ण ऐकतेस का? ऐकत असशील तर गुडघे बरे आहेत असं मी धरून चालतो, कारण दुखत असले की तू कुठेही न थांबता वर जाऊन पडतेस. आई ठणठणीत आहे. माझी बायकोही ठणठणीत आहे आणि माझ्याकडे ठणठणीत नजरेनं बघते आहे, त्याचं कारण पुढे येईल. मी बरा आहे. निदान हे पत्र लिहायला घेईपर्यंत तरी होतो.

तुझं पत्र वाचलं आणि खुर्चीत सरळ होऊन पुन्हा वाचलं. प्रकाशकाला कादंबरीचा दुसरा भाग हवाय आणि तुझ्या मनात पहिल्याच प्रकरणात नायकाला समुद्रात बुडवून टाकायचं आहे, म्हणजे नायिकाही सुटली आणि तूही सुटलीस. फक्त त्याआधी आपल्या गावातल्या वाचकांना तो माणूस कसा वाटला हे मी गुपचूप काढून कळवायचं. ज्याच्यासाठी गावात एकही जण रदबदली करत नाही त्याला वाचवायला तू बांधील नाहीस, असं तू बजावलं आहेस. मावशी, तुझ्या पत्रांतून तू आजवर घरमालकावर चिडलीस, नळावर चिडलीस, माझ्या अक्षरावर तर नेमानं चिडतेस. पण स्वतःच कागदावर जन्माला घातलेल्या माणसावर इतकं चिडलेलं मी तुला कधी पाहिलं नव्हतं. घरात मला सगळे चौकशी-कचेरी म्हणतात हे तू जाणतेसच. तुझं पत्र आल्यापासून माझ्या डोक्यात एकच किडा वळवळतोय, की ह्या होडीवाल्या नायकानं तुझं असं काय घोडं मारलंय?

गुप्ततेबद्दल निर्धास्त राहा. पुस्तकावर तू एका भारदस्त पुरुषाचं नाव घातलं आहेस आणि गाव त्या पुरुषाला मनापासून नावं ठेवतं आहे. तू लेखिका आहेस हे इथे फक्त मला ठाऊक, आणि मी बायकोलाही सांगितलेलं नाही (हेच ते ठणठणीत नजरेचं कारण, मी कादंबऱ्या वाचायला लागलो म्हणजे काहीतरी शिजतंय असं तिला वाटतं). गाव मात्र आपलंच आहे हे सगळ्यांनी पहिल्या झटक्यात ओळखलं. तोच वाकडा धक्का, तीच पलीकडच्या काठावरची शाळा, तिथे रोज बोटीनं शिकवायला जाणारी बाई. आता अशी रोज बोटीनं जाणारी शिक्षिका तूही होतीस, मग तुला शहरात नोकरी लागली, बोटीत बसलीस आणि पुन्हा कधी इकडे फिरकली नाहीस; तुला भेटायचं तर आईनंच तिकडे यायचं, हा आपल्या घरचा कायदाच होऊन बसला. पण हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण सगळे नायिका सोडून नायकाच्या मागे लागले आहेत.

मतं गोळा करण्याची माझी युक्ती ऐक. चष्म्याच्या दुकानात जवळची नजर तपासायला आम्ही एक कार्ड वाचायला देतो, वर ठळक आणि खाली बारीक होत जाणारं. ते कार्ड आजोबांच्या वेळेपासून तेच आहे आणि अख्ख्या गावाला तोंडपाठ आहे. ज्यांना समोरचा माणूस दिसत नाही तेही शेवटची ओळ खणखणीत म्हणून दाखवतात आणि मग घरी जाऊन सांगतात की नंबर चुकला. तेव्हा मी विचार केला की कार्डाऐवजी तुझी कादंबरीच हातात द्यावी. नजर तपासली जाईल, वर मतही मिळेल, आणि मी काही विचारतोय असा संशयही कुणाला येणार नाही. ह्या कल्पनेमुळे मी दोन दिवस स्वतःवर खूश होतो.

चूक एवढीच झाली की पुस्तक जिथे उघडेल तिथलं एकच पान प्रत्येकाच्या वाट्याला आलं, आणि प्रत्येकानं त्या एका पानावरून अख्ख्या कादंबरीचा निकाल लावला. दाताच्या डॉक्टरांना खडकामागचं चुंबन मिळालं. (उजव्या डोळ्यानं वाचून झालं, डाव्या डोळ्यानं वाचून झालं, मग दोन्ही डोळ्यांनी एकदा बघू या म्हणाले.) त्यांचं मत असं की पुस्तक अत्यंत वाह्यात आहे, पण त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे नायकाचे दात मोत्यांसारखे आहेत असं त्यात छापलंय. दिवसभर विडी ओढणाऱ्या चाळिशीच्या होडीवाल्याचे दात असे असतील तर ते कुणीतरी साफ केलेले असणार, आणि गावात दाताचा डॉक्टर एकच, मग त्याचा साधा उल्लेख करायला लेखकाचं काय जात होतं? ते फार दुखावले आहेत. मी त्यांना समजावलं की हे काल्पनिक दात आहेत, तर म्हणाले, काल्पनिक दातांनाच कीड लवकर लागते. ह्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

बोटीचे निवृत्त कप्तान आले, त्यांना वादळाचं पान मिळालं. त्यांचं म्हणणं, वाऱ्याची जी दिशा लेखकानं दिली आहे त्या वाऱ्यात होडी आपल्या धक्क्याला लागूच शकत नाही. होडी लागली नाही म्हणजे ती बाई भिजली नाही, भिजली नाही म्हणजे त्यानं तिला आपला कोट दिला नाही, आणि कोट दिला नाही म्हणजे पुढचं प्रेम सगळं बेकायदेशीर आहे. मी हळूच विचारलं, की समजा दुसऱ्या भागात हा नायक धक्क्याजवळ बुडाला तर? कप्तान माझ्याकडे असे बघत राहिले की नजर माझीच तपासायला हवी. धक्क्याजवळ ओहोटीला पाणी गुडघ्याएवढं असतं, तिथे बुडायचं असेल तर माणसाला आधी आडवं झोपावं लागेल आणि वर कुणाला तरी छातीवर बसवावं लागेल, असं ते म्हणाले. हा तांत्रिक मुद्दा नोंदवून ठेव. त्यांना आणखी एक गोष्ट खटकली, आणि ती मलाही खटकली होती: तुझा नायक कुठलीही वस्तू पुढे करण्याआधी अंगठा जिभेला लावतो. शिंपला द्यायचा असो, तिची पिशवी द्यायची असो, आधी अंगठा ओला. होडीवाला माणूस मुळात सगळाच ओला असतो, त्यानं अंगठा वेगळा कशाला ओला करायचा?

खरा घोळ बेकरीवालीनं घातला. तिच्या पानावर नायक सकाळी पाव घेतो आणि पैसे द्यायच्या आधीच मोडून खातो. ती पान वाचता वाचता थांबली, चष्मा काढला, पुन्हा घातला, आणि हे कोण आहे असं मला दटावून विचारलं. तिच्या दुकानात असं करणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी, त्यात एक तिचा स्वतःचा नवरा. शिवाय तो काम करता करता तासन्‌तास समुद्राकडे बघत उभा असतो, हे तिला आत्ता आठवलं. (भट्टीसमोर उभा राहिलेला माणूस खिडकीकडेच तोंड करणार, पण हे तिला सांगायची छाती कुणाची?) दुसऱ्या दिवशी तिनं त्याचं कणीक मळायचं टेबल उलट फिरवून भिंतीकडे लावलं. बिचारा आता भिंतीकडे बघतो आणि पाव करपवतो, आणि गाव मला दोष देतं. मी त्याच्याकडे जाऊन क्षमा मागितली तेव्हा त्यानं फक्त एवढंच विचारलं की त्या बाईचं पुढे काय झालं.

असं करता करता दुकानातल्या बाकावर गर्दी जमायला लागली. ज्यांची नजर घारीसारखी आहे तेही डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणून येऊन बसायचे आणि पुढचं पान मिळेल का विचारायचे. बाकावर बसल्या बसल्या आपापली पानं एकमेकांना सांगून त्यांनी एक वेगळीच कादंबरी जुळवली. तीत नायिका वादळात पाव आणायला जाते, कप्तानांच्या कोटात सापडते आणि शेवटी दाताच्या डॉक्टरांबरोबर खडकामागे नाहीशी होते. मला ती तुझ्या कादंबरीपेक्षा कमी पटली, पण वेगवान होती हे कबूल करायला हवं. आईच्या कानावर आलं तशी तीही एके दिवशी येऊन बसली. तिच्या वाट्याला असं पान आलं की नायिका मोठ्या बहिणीची निळी छत्री न विचारता घेऊन जाते. आईनं ते पान शेवटपर्यंत वाचलं, पुस्तक मिटलं, मुखपृष्ठावरचं पुरुषाचं नाव बराच वेळ न्याहाळलं आणि म्हणाली, ह्या गृहस्थांना भेटायला हवं एकदा. एवढंच बोलून ती घरी गेली. तिचा आवाज मला आवडला नाही, तुला आवडला असता का ते तूच ठरव.

एका बाबतीत मात्र सगळ्यांचं एकमत आहे, आणि तुला ते हवंच होतं म्हणून लिहितो. शेवटच्या प्रकरणात ती एकेरी तिकीट काढून कायमची जायला निघते, तो धक्क्यावर उभा असतो, ती त्याच्या एका शब्दासाठी थांबते, आणि हा बाबा तोंडातून अक्षर काढत नाही. बोट सुटते. हा भाग मी बाकावरच्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. मग एकदम सगळे तुटून पडले. डॉक्टर म्हणाले भित्रा आहे, बेकरीवाली म्हणाली भित्रा नाही ठोंब्या आहे, आणि बेकरीवाल्याची बाजू आपोआपच साफ झाली, कारण त्याच्या बायकोच्या मते तो गप्प बसूच शकत नाही. (टेबल पुन्हा खिडकीकडे आलं आहे. पाव सुधारले.) रदबदली करायला कुणीही उभं राहिलं नाही. मला स्वतःलाही त्याचा राग आला, मावशी. इतका राग आला की पहिल्यांदाच वाटलं, हा राग तुझा आहे, तू कुणावर तरी खरोखरीचा धरून ठेवलेला. तो कोण हे विचारायचं धाडस मला होत नाही, आणि विचारल्याशिवाय झोपही लागत नाही.

आता फक्त एका वाचकाचं सांगायचं राहिलं. बोटीच्या तिकिटाच्या खिडकीवर असायचे ते काका तुला आठवतात का? बुटके, टापटीप, केस तेव्हाच विरळ झालेले. नोकरी संपली, खिडकी बंद झाली, तिथे आता तिकिटाचं यंत्र बसवलंय, आणि काका रोज कपडे करून त्या यंत्राशेजारी उभे राहतात आणि लोकांना कुठलं बटण दाबायचं ते सांगतात. ते नंबर तपासायला आले. पुस्तक नेमकं त्या शेवटच्या प्रकरणावर उघडलं. काका संथपणे वाचत होते, मला पुढे बारीक अक्षराचा मजकूर द्यायचा होता म्हणून मी त्यांच्या हातातून पुस्तक काढून घेतलं, आणि काका वाचतच राहिले. समोर नुसती भिंत, हात रिकामे, आणि पान उलटल्यावर जी वाक्यं आहेत ती एकामागून एक, एक शब्द इकडचा तिकडे न होता. मग त्यांच्या लक्षात आलं. कानापर्यंत लाल झाले आणि म्हणाले, अंदाजानं म्हटलं. मी विचारलं, काका, नायक कसा वाटला? त्यावर ते टोपी घालून निघून गेले. म्हणजे मत नाहीच.

तर एकंदर निकाल असा: पुस्तक लोकांना आवडलंय, इतकं की वाईट म्हणण्यासाठी ते पुन्हा पुन्हा येताहेत. नायक कुणालाच आवडलेला नाही. बुडवायचा असेल तर गावाची हरकत नाही, फक्त कप्तानांच्या सांगण्याप्रमाणे खोल पाण्यात ने. तुझी लेखणी आणि गुडघे दोन्ही शाबूत राहोत, एवढं मागून हे पत्र इथे बंद करतो आणि स्क्रू शोधायला खाली बसतो.

तुझा आज्ञाधारक (हो, अजूनही),
भाचा

ता. क. पाकीट चिकटवून खिशात टाकलं होतं, ते फाडावं लागलं. वर लिहिलेली सगळी मतं बाजूला ठेव. डॉक्टरांचे दात, कप्तानांचा वारा, सगळं. संध्याकाळी दुकान आवरत असताना खिडकीवरचे काका पुन्हा आले. चष्मा नाकावरून घसरतोय म्हणाले. चष्मा काढला, जिभेला अंगठा लावला आणि मग चष्मा माझ्यापुढे केला. मावशी, तोच अंगठा! ही सवय कुठली, असं विचारलं तर म्हणाले, खिडकीवरची. तिकिटं एकाला एक चिकटायची, अंगठा ओला केल्याशिवाय सुटी होत नसत, आता हाताला वळणच पडलंय. मी म्हटलं, काका, पुस्तकातला होडीवालाही असंच करतो. ते काउंटरकडे बघत फार खंतावून म्हणाले, “तो उंच आहे रे.”

मग आपण होऊन बोलले. त्यांचे शब्द जसेच्या तसे देतो, कारण ह्यात माझी भर घालायची मला लाज वाटेल. “पुस्तकात एक चूक आहे. तिनं एकेरी तिकीट मागितलं, हे खरं. रोज येण्याजाण्याचं घ्यायची, त्या दिवशी एकेरी म्हणाली. पण मी एकेरी दिलंच नाही. येण्याजाण्याचं दिलं, वरचे पैसे माझे घातले. बोलायला काही सुचेना, आणि मागे रांग होती. म्हटलं, बोटीत बसल्यावर बघेल, तिला कळेल. पुस्तक वाचलं तेव्हा समजलं, तिनं ते बघितलंच नव्हतं.”

मावशी, तू त्याच्यावर एवढी वर्षं चिडून आहेस ती तो एक शब्द बोलला नाही म्हणून. तो बोलला होता गं. तुझ्याच हातात दिलं होतं त्यानं. दुसऱ्या भागात त्याला बुडवू नकोस. गावातून एक माणूस रदबदलीला उभा राहिला तर पुरे, असं तू लिहिलं होतंस. तो एक मी आहे, असं समज. आणि माझ्या नेहमीच्या उत्सुकतेपायी नाही, अगदी हात जोडून विचारतो: ते तिकीट तू खरंच कधी उलटून बघितलं नाहीस?

आणखी ता. क. पुन्हा उघडलं, रागावू नकोस. सकाळी टपालात टाकायला निघालो तर काका पोस्टाच्या पायरीवर उभे. मी तुझं नाव कधीही काढलेलं नाही, माझ्या मावशीनं पुस्तक लिहिलंय हे इथे कुणालाही सांगितलेलं नाही, हे तुझ्या गळ्याची शपथ घेऊन सांगतो. तरी त्यांनी पाकिटाकडे बघितलं आणि म्हणाले, मावशींना लिहितोयस तर एवढंच कळव, की सकाळची बोट आता बंद झाली आहे, फक्त दुपारची येते. मी म्हटलं, काका, तिला बोटीची वेळ कशाला हवी, ती काही येणार असल्याचं बोललेली नाही. तर म्हणाले, “येणार नसतील. पण समजा आल्याच, आणि जुन्या वेळेला पलीकडे येऊन बसल्या, तर उगाच ताटकळत बसावं लागेल त्यांना.”